एकशे चौऱ्याऐंशीव्या पानाची चिठ्ठी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या प्रकाशनाचे मालक, ज्यांना आम्ही समोर ‘साहेब’ म्हणतो आणि मागे काय म्हणतो ते आजच्या दिवशी राहू दे. व्यासपीठावरच्या प्रमुख पाहुण्या, ग्रंथपाल मॅडम. विक्री विभागाचे प्रमुख, ज्यांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि जे आत्तापासूनच घड्याळाकडे बघताहेत. छापखान्यातले, बांधणीतले, गोदामातले माझे सहकारी. आवर्जून आलेले वाचक. आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या, एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर आज निवृत्त होणाऱ्या आमच्या चिठ्ठीबाई, आपणां सर्वांना माझा नमस्कार.

आणि चौथ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसलेली, शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून माझ्यासाठी जागा धरून असलेली माझी आई. आई, तुलाही नमस्कार. माझ्या ऑफिसात ती आज पहिल्यांदा आली आहे. तिला मी बोलावलेलं नाही. बाईंनी परस्पर फोन करून बोलावलं आणि मला आज सकाळी, फुलदाण्या लावत असताना सांगितलं. तेव्हापासून माझ्या तोंडाला कोरड पडली आहे. हा पाण्याचा ग्लास तिसरा आहे, हे सूत्रसंचालकांनी पाहिलं असेलच.

मी भित्रा आहे, हे इथं कोणाला नव्याने सांगायला नको. ऑफिसात मला ससोबा म्हणतात. जिन्यात कोणी जोरात शिंकलं तरी माझ्या हातातला चहा सांडतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खरं आहे, पण त्या ब्रह्मराक्षसाला दरवेळी माझाच पत्ता कसा सापडतो, हे मला कळलेलं नाही. आज मी का घाबरलो आहे ते आधीच सांगून टाकतो. माझ्या वरच्या खिशात एक चिठ्ठी आहे. तिच्यात जे लिहिलंय ते या सभागृहात बहुतेकांना माहीत आहे. माझ्या आईला माहीत नाही. व्यासपीठावरून उतरण्याआधी ती चिठ्ठी तिच्या हातात पडावी, असं माझं आणि बाईंचं ठरलं आहे. म्हणजे बाईंनी ठरवलं आणि मी मान हलवली.

असो. निरोप बाईंचा आहे, तेव्हा बाईंबद्दल बोलू या.

पाहुण्यांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे बारा वर्षांपूर्वी एक प्रेमकथामाला सुरू झाली. तिच्यात नायिका नसते, नायकच दोन असतात. पुरुषांनी पुरुषांवर केलेल्या प्रेमाच्या कथा. साहेबांनी ती धाडसाने सुरू केली आणि मग स्वतःच बिचकले. मलपृष्ठावरचा मजकूर, ज्याला आम्ही नुसतं ‘मागचं’ म्हणतो, ते लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. साहेबांची सूचना एकच होती, सगळं सांगा पण काही कळू देऊ नका. मी या कामासाठीच जन्माला आलो होतो. ‘दोन जिवांचा हळुवार प्रवास’, ‘मैत्रीच्या पलीकडचं काहीतरी’, ‘एका उन्हाळ्याची आठवण’. माझं मागचं वाचून तुम्हाला ती कथा दोन माणसांची आहे की दोन झाडांची, हेसुद्धा कळलं नसतं.

मग वाचकांची पत्रं यायला लागली. एकाने लिहिलं, ‘मागे जिवलग मित्र लिहिलंत म्हणून मी तीन वर्षं हे पुस्तक दुकानात बघून परत ठेवत होतो. सरळ लिहिलं असतंत तर माझी तीन वर्षं वाचली असती.’ दुसऱ्याने हिशेबच पाठवला, ‘तुमच्या मागच्या पाच पुस्तकांत एक नायक बुडाला, एक कड्यावरून पडला, एक आजारात गेला आणि दोघांची भलत्यांशी लग्नं लावलीत. सहाव्याचा काय बेत आहे?’ आणि एक पत्र होतं एकाहत्तर वर्षांच्या निवृत्त सर्व्हेअरचं. त्यांनी एवढंच लिहिलं होतं, ‘माझ्याकडे वेळ कमी आहे. शेवटी कोणी मरणार असेल तर कृपया आधी कळवावे.’

बाई तेव्हा मुद्रितं तपासायच्या. हे पत्र त्यांनी दोनदा वाचलं आणि लाल पेन्सिल कानावर खोचून थेट साहेबांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकलं. विक्रीप्रमुख आत होते. ते म्हणाले, “बाई, शेवट आधीच सांगितलात तर पुस्तक घेणार कोण?”

बाई म्हणाल्या, “ज्याला भीती वाटते तो.”

त्या दिवसापासून या मालेतल्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर एक चिठ्ठी चिकटवली जाऊ लागली. तीन ओळींची. पहिल्या ओळीत आत दुखणारं काय आहे, दुसऱ्या ओळीत ते कोणत्या पानावर आहे आणि तिसऱ्या ओळीत शेवटी काय होतं. ‘मोठ्या भावाचे अपशब्द आहेत. पान सत्तावन्न ते साठ. शेवटी दोघे एकत्र आहेत.’ बस्स. बाई पुस्तक दोनदा वाचायच्या, तेव्हा कुठे या तीन ओळी उतरायच्या. ऑफिसात थट्टा व्हायची की उद्या बाई चहाच्या कपावरही लिहितील, गरम आहे, शेवटी संपतो. बाई थट्टा ऐकून घ्यायच्या आणि पुढचं पान उलटायच्या.

आता मला माझ्या चुकीबद्दल बोलायचं आहे. विक्रीप्रमुख हात वर करताहेत. माझी राहिलेली मिनिटं संपली तर पुढच्या वर्षीच्या भाषणातून वळती करून घ्या.

चार वर्षांपूर्वी बाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. महिनाभर वाचायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. त्या महिन्यात एक कादंबरी छापायला जायची होती. पोहायला शिकवणारा एक आणि दातांच्या कवळ्या बनवणारा एक, अशा दोघांची. चिठ्ठी माझ्यावर आली. मी वाचायला बसलो. पहिली दीडशे पानं इतकी गोड की मी एकटाच हसत होतो. मग एकशे त्र्याऐंशीव्या पानावर कवळीवाल्याचे वडील बाजारातून एक कडी विकत आणतात. लोखंडी, सहा इंची. ते स्क्रू मोजतात आणि मुलाच्या खोलीच्या दाराकडे जातात. कडी बाहेरच्या बाजूने धरून बघतात.

मी ते पान उलटलं नाही. पुस्तक मिटलं, शेवटची दहा पानं वाचली, दोघे एकत्र होते, माझा जीव भांड्यात पडला. आणि मी चिठ्ठीवर लिहिलं, ‘या पुस्तकात भिण्यासारखं काही नाही.’

का लिहिलं? आळस म्हणालात तर मी आनंदाने मान्य करीन, पण आळस नव्हता. मला ते पान इतकं खरं वाटलं की ते नाहीच, असं मला स्वतःलाच सांगायचं होतं.

पुस्तक बाजारात गेलं. दोन महिन्यांनी एक पाकीट आलं. आत आमचंच पुस्तक. एकशे चौऱ्याऐंशीवं पान आणि त्याच्या समोरचं पान डिंकाने एकमेकांना चिकटवलेलं. सोबत वहीचा कागद. ‘तुमच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून वाचलं. माझ्या खोलीला कडी बाहेरून आहे. पुढे वाचायची हिंमत नाही. हे घरात ठेवता येत नाही, म्हणून परत पाठवतो आहे.’

बाई तोवर कामावर परतल्या होत्या. त्यांनी कागद वाचला आणि घडी घालून पाकिटात परत ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पाकिटावर पत्ता होता. पण पत्र पाठवायचं कसं? पाठवलं तर त्या घरात ते उघडणार कोण? फोन नंबर नव्हता. दीड महिना आम्ही रोज त्या पत्त्याकडे बघत होतो. मी पेपरात रोज आधी आतल्या पानावरच्या छोट्या बातम्या वाचायचो. काय शोधत होतो, ते मी बाईंना सांगितलं नाही. एक दिवस माझ्या आधी येऊन त्याही तेच पान वाचत बसलेल्या मला दिसल्या.

शेवटी बाई म्हणाल्या, “पान खराब निघालं म्हणून त्याने पुस्तक परत केलं. बरोबर? मग बदलून द्यायला आपण जाऊ शकतो.”

मी म्हटलं, “बाई, मी कशाला?”

“चिठ्ठी कोणी लिहिली होती?”

गेलो. रविवारी दुपारी, बाराच्या सुमाराला. गल्ली, मजला, काही सांगणार नाही. तीन मजले चढलो. मी मागे आणि बाई पुढे, कठड्याला धरून, एकेक पायरी. बेल वाजवली. दार वडिलांनी उघडलं. अंगात बनियन, हातात सोललेली काकडी. राक्षस नव्हे, एक साधा, घामेजलेला माणूस. तुमच्याआमच्या वडिलांसारखा. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

बाईंनी सांगितलं, प्रकाशनाकडून आलोय, खराब प्रत बदलून द्यायची आहे. ते म्हणाले, “एका पानासाठी दोन माणसं?”

“आमच्याकडे असंच असतं,” बाई म्हणाल्या.

त्यांनी हात पुढे केला. पुस्तक माझ्या हातात होतं, मी देऊन मोकळा झालो. त्यांनी सगळे करतात तेच केलं. पुस्तक उलटं केलं आणि मागचं वाचलं. माझं मागचं. ‘पाण्याच्या काठावर फुललेल्या एका जिव्हाळ्याची कथा.’ त्यांनी ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, “सहलीची गोष्ट दिसते.”

माझ्या त्या गुळमुळीत लिखाणाला वाचकांनी वर्षानुवर्षं शिव्या घातल्या. त्या क्षणी मला वाटलं, देवा, आणखी गुळमुळीत का नाही लिहिलं. कारण त्यांचा अंगठा आता आवरणाखाली सरकत होता आणि पहिल्या पानावर बाईंची चिठ्ठी होती. नवी, दुरुस्त केलेली. बाईंचा स्वभाव तो. निघण्यापूर्वी त्यांनी इमानदारीने खरी चिठ्ठी लिहून चिकटवली होती. ‘मुलाचं एका पुरुषावर प्रेम आहे म्हणून वडील त्याला नऊ दिवस कोंडून ठेवतात. पान एकशे चौऱ्याऐंशी. शेवटी दोघे एकत्र आहेत.’ ज्या घरात हे कोणी वाचू नये त्याच घरात आम्ही ते स्वच्छ अक्षरात नेऊन दिलं होतं. असली चूक चिठ्ठ्या लिहिणारी माणसंच करू शकतात. आम्हां दोघांना ते एकाच वेळी उमगलं. मी नुसता उभा राहिलो. खोटं कशाला बोलू, मी डोळे मिटले.

बाईंचा आवाज आला. “असं नका उघडू, बांधणी ताजी आहे. ओल्या हाताने उघडलं की कणा मोडतो. आणा इकडे, मी दाखवते.” आणि बाईंनी पुस्तक वडिलांच्या हातातून काढून घेतलं.

तेवढ्यात आतून मुलगा आला. मुलगा म्हणजे सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, नोकरीवरचा माणूस. आम्हाला आणि पुस्तकाला पाहून तो भिंतीसारखा पांढरा पडला. त्याच्या मागे एक दार दिसत होतं. कडी बाहेरून होती. कडीभोवतीचा रंग घासून गेला होता, म्हणजे ती वापरात होती.

त्याने पुस्तक घेतलं. वडील मध्येच उभे. तो खाली मान घालून म्हणाला, “याचा शेवट... यात शेवट नीट छापलाय ना?”

“मी स्वतः तपासलाय,” बाई म्हणाल्या. “दोघेही सुखरूप घरी पोचतात.”

तो म्हणाला, “बरं.” दार लागलं.

जिन्यात बाई मधल्या पायरीवर बसल्या. इतक्या वर्षांत त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं. त्या म्हणाल्या, “माझी चिठ्ठी त्याला बुडवणार होती रे.” मी म्हटलं, “आणि माझं मागचं?” त्या डोळे पुसत म्हणाल्या, “मागचं जगासाठी असतं. चिठ्ठी वाचणाऱ्यासाठी. दोन्हींची जागा वेगळी पाहिजे.”

त्यानंतर चिठ्ठी पहिल्या पानावरून निघाली. तिची तीन घड्यांची पट्टी झाली आणि ती आवरणाच्या आतल्या दुमडीत जाऊ लागली. तिथे सहज चाळणाऱ्याचं बोट पोचत नाही, ज्याला हवी आहे त्याचंच पोचतं. बांधणीतल्या मंडळींनी किती कुरकुर केली ते त्यांनाच विचारा. पण मालेच्या वाचकांना आता ही जागा पाठ आहे. दुकानात पुस्तक घेतलं की ते आधी दुमडीत बोट घालतात.

त्या मुलाचं पुढे काय झालं? पाच महिने काही कळलं नाही. त्या पाच महिन्यांत माझी झोप कशी होती, ते मी सांगत नाही. मग एक पोस्टकार्ड आलं, दुसऱ्याच शहराच्या शिक्क्याचं. पत्ता नाही, नाव नाही. दोन वाक्यं. ‘पुढचं वाचलं. आता कडी आतून आहे.’ ते कार्ड बाईंच्या टेबलाच्या काचेखाली आहे. बाई, तुम्ही ते घरी न्यायचं म्हणत होतात. कृपा करून नेऊ नका. उद्यापासून त्या खुर्चीत मी बसणार आहे आणि मला त्याची फार गरज पडेल.

त्या खुर्चीत बसायच्या आधी बाईंनी मला एक काम दिलं. म्हणाल्या, “दुसऱ्यांच्या पुस्तकांच्या चिठ्ठ्या लिहिशील, त्याआधी स्वतःची लिही. आईसाठी.” मी म्हटलं, आईला काय कमी आहे? ती खुशीत असते. बाई म्हणाल्या, “तू तिला नऊ वर्षं नुसतं मागचं वाचायला देतोयस.”

आई, तू कुठलंही पुस्तक हातात घेतलंस की आधी उलटं करतेस. मागचं वाचतेस, मान डोलावतेस आणि बहुतेक वेळा तेवढ्यावरच ठेवून देतेस. मी लिहितो ते सगळं मागचं तू वाचलं आहेस. ‘किती छान मैत्रीच्या गोष्टी छापता रे तुम्ही,’ असं म्हणाली होतीस. मी हो म्हटलं होतं. आणि मी सतरा वर्षांचा असताना, समोरच्या इमारतीतल्या शिंप्याच्या मुलाबद्दल बायका काही बोलत होत्या, तेव्हा तू म्हणालीस, “त्या घराकडे बघायचंसुद्धा नाही,” आणि खिडकी लावून घेतलीस. तुला आठवतही नसेल. तू वाईट नव्हतीस, सगळ्याच लावत होत्या. पण मी त्या खिडकीच्या आतल्या बाजूला होतो, आई. त्या दिवसापासून मी तुला घाबरतो. जगात मला सगळ्यात जास्त जीव लावणाऱ्या माणसाला मी घाबरतो, आणि याची मला लाज वाटते.

आज सकाळी मी चिठ्ठी लिहिली. पहिली ओळ लिहिली, ‘यात भिण्यासारखं काही नाही.’ बाईंनी लाल पेन्सिलीने ती खोडली. म्हणाल्या, “पुन्हा तेच? हे खोटं आहे. भिण्यासारखं आहे. तेच लिही.” मी तेच लिहिलं.

ही चिठ्ठी मी वाचून दाखवणार नाही. ती एकाच वाचकासाठी आहे. तिसरी ओळ मात्र सांगतो, कारण शेवट कोणालाही सांगायला हरकत नाही, असं बाई म्हणतात. शेवटी कोणी मरत नाही. नऊ वर्षांपूर्वीच दोघे घरी पोचले आहेत. तू आलीस की तुझ्या गुडघ्यांचे व्यायाम घेतो तो त्यातला एक. तू येणार म्हटलं की आम्ही दुसऱ्या खोलीतल्या पलंगावरची चादर मुद्दाम चुरगाळून ठेवतो. तो आज शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसला आहे. तिथे बस म्हणून मीच सांगितलं.

बाई, एवढी चिठ्ठी चौथ्या रांगेपर्यंत पोचवाल? माझे पाय आत्ता चालणार नाहीत.

तोवर मी आभार मानून घेतो. अध्यक्षांचे आभार, त्यांनी बारा वर्षं बिचकत का होईना, पण माला चालू ठेवली. प्रमुख पाहुण्यांचे आभार, त्यांच्या ग्रंथालयात ही पुस्तकं कपाटात नाहीत, समोरच्या फळीवर आहेत. विक्रीप्रमुखांचे आभार, त्यांनी घड्याळ कधीच खिशात टाकलं आहे. बांधणीतल्या मंडळींचे त्या दुमडीसाठी आभार. आणि बाई, तुमचे आभार कसे मानू? जी पानं मी उलटली नाहीत ती तुम्ही माझ्यासाठी वाचलीत. तब्येत सांभाळा. डोळ्यांत औषध घालत जा.

पोचली. आई चष्मा काढतेय. आई, तू ती उलटी करून बघतेयस. मागे काही नाही गं, कोरी आहे. मागचं मी लिहिलंच नाही. उघड.

माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कोणाचा उल्लेख राहिला असेल, कार्यक्रम एका भलत्याच माणसाच्या घरगुती गोष्टीने लांबला असेल, तर माझ्या चुका पदरात घ्या. सभागृहाकडे मागतो आहे, पण मागणं कोणाकडे आहे ते तुम्ही जाणता.

वाचून झालं. तिने चिठ्ठी पुन्हा तीन घड्यांत घातली. अध्यक्ष महोदय, ती शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलतेय. ती निघाली आहे की काय, ते मला इथून कळत नाही.

नाही. पिशवी मांडीवर घेतली. खुर्ची रिकामी करून ती मागे वळली आहे आणि दाराजवळच्या माणसाला हाताने बोलावतेय, असा लांब का बसलास म्हणून.

मी थांबतो.